प्राणी स्थानिक ठिकाणाहून मिळवले

"यंदा उंदराले भाव आहे बे," राऊत सर म्हणाले, आणि पाठोपाठ बशी टेबलावर टेकल्याचा आवाज आला.

मी कपाटामागे काचपट्ट्यांना चिठ्ठ्या डकवत बसले होते. राऊत सर वनस्पतिशास्त्राचे. पण दिवाळी सरून राष्ट्रीय विज्ञान परिषदेचं परिपत्रक आलं की ते आमच्या प्राणिशास्त्राच्या खोलीत चहाला येतात आणि यंदा कोणाचा कोणता विषय चालेल याचे अंदाज बांधत बसतात. त्यांनी विचारलं, "मंग तुह्या वागळांचं काय?" आमचे विभागप्रमुख, ज्यांना मी नुसतं सर म्हणते, चहा फुंकत म्हणाले, "वटवाघळांना आता कोणी विचारत नाही."

त्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. धान्य कमी पडतंय, सरकारी गोदामांत उंदीर किती नासाडी करतात याची चर्चा वर्तमानपत्रांत रोज असते, तेव्हा उंदरावर काम करणाऱ्याला परिषदेत चांगली वेळ मिळणार हे उघडच आहे. अडतीच्या दुकानात लोक तुरीबद्दल आणि कापसाबद्दल याच आवाजात बोलतात. पण माझ्या हातातली काचपट्टी वटवाघळाची होती. तिच्यावर मेणातून कापलेला, गुलाबी रंगवलेला, नखाएवढा एक पातळ तुकडा होता. चिठ्ठी मला सरळ लावता येईना. मी ती काढली, पुन्हा लावली, आणि ते दोघं उठून जाईपर्यंत कपाटामागेच बसून राहिले.

हा मोसम मला वासांवरून कळतो. सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं की आदल्या दिवशीच्या वितळलेल्या मेणाचा वास गारठून बसलेला असतो. फॉर्मलिनने डोळ्यांत पाणी येतं आणि ते थंडीमुळे आलं असं म्हणता येतं. परिपत्रकाच्या खरखरीत कागदाला सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास असतो. ट्रंकेतून काढलेल्या स्वेटरला डांबरगोळ्यांचा. बुलढाणा पठारावर आहे, त्यामुळे खालच्या गावांपेक्षा इथे थंडी आधी येते आणि उशिरा जाते. बसस्टँडवर बाया मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा विकायला बसतात. पुडी हातात घेतली की आधी बोटं शेकतात. इतरांसाठी हा हिवाळा, माझ्यासाठी परिषदेचे दिवस. चार वर्षांपूर्वीचे ते दिवस दरवर्षी याच वासांबरोबर परत येतात आणि संक्रांतीपर्यंत मुक्कामाला असतात.

मी तेव्हा कॉलेजात नवी होते. डेमॉन्स्ट्रेटरची जागा, तीही तात्पुरती. शिक्षण नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. वडिलांची बदली इथल्या कोर्टात झाली म्हणून आम्ही आलो. घरी मराठी, पुस्तकांत इंग्रजी. इथल्या लोकांसमोर मला माझी मराठी इस्त्री केल्यासारखी वाटे आणि म्हणून मी बोलतच नसे. काहींना तो गर्व वाटला, काहींना विनय. दोन्ही नव्हतं. बोलण्याआधी मी वाक्य मनात पूर्ण करून बघते, आणि ते पूर्ण होईपर्यंत बहुधा विषय पुढे गेलेला असतो.

त्या वर्षी सरांना परिषदेच्या प्राणिशास्त्र विभागात एक आढावा वाचायचा होता: देशातल्या सस्तन प्राण्यांवरचं संशोधन गेल्या काही वर्षांत कोणत्या दिशेने चाललं आहे. त्यासाठी परिषदेच्या जुन्या सारांश-पुस्तिका त्यांनी कुठून कुठून मागवल्या. माझं काम होतं प्रत्येक निबंधासाठी एक कार्ड करायचं. प्राणी कोणता, अवयव कोणता, प्राणी कुठून आणला. तीन ओळी. पोस्टकार्डाएवढी ती कार्डं मी बुटांच्या रिकाम्या खोक्यांत उभी लावत गेले.

अशी कामं मला आवडतात. त्यात कोणी काही विचारत नाही. पण काही दिवसांनी मला खोक्यांत एक गोष्ट दिसायला लागली. सगळ्यात जुन्या पुस्तिकांमध्ये अख्खा प्राणी असे. अमक्या गावच्या माळावर काळविटांचा कळप, तमक्या नदीकाठची पाणमांजरं, ती कधी येतात, काय खातात. लिहिणारा माणूस उन्हात उभा असल्याचं वाक्यावरून कळायचं. पुढच्या पुस्तिकांत प्राण्याचा एकेक अवयव आला. मग अवयवातली ग्रंथी. मग ग्रंथीतल्या पेशी. निबंधांची नावं लांबत गेली आणि प्राणी लहान होत गेला. माळ, नदी, झाड ही तर आधीच गेली होती. तिसऱ्या ओळीत, जिथे मी गावाचं नाव लिहायचे, तिथे आता एकच इंग्रजी वाक्य सगळीकडे येऊ लागलं होतं. मराठीत ते असं होईल: प्राणी स्थानिक ठिकाणाहून मिळवले. सुरुवातीला मी ते पूर्ण उतरवून घेत असे. नंतर नुसतं 'स्था.' लिहू लागले.

सरांना हे सांगावं असं वाटलं होतं. मी वाक्यही तयार केलं होतं. पण सरांनी कार्डं चाळली आणि खूश होऊन म्हणाले, म्हणजे आपल्याकडचं काम दिवसेंदिवस सूक्ष्म होत चाललंय, मोठी प्रगती आहे. माझं वाक्य मग बसेना.

सर वाईट माणूस नव्हेत, हे मला लिहूनच ठेवायचं आहे. मेणाचे काप काढायचं यंत्र त्यांनी स्वतः नागपूरहून बसमध्ये मांडीवर ठेवून आणलं. विद्यार्थ्यांना ते घरी बोलावून जेवू घालत. आणि त्या वर्षीचा आमचा स्वतःचा निबंध, वटवाघळांच्या मादीच्या गर्भकाळावरचा, मीच वाचायचा असं त्यांनी ठरवलं. "तुमचं नाव आधी घातलंय," ते म्हणाले. "चार लोकांना तोंड दिसू द्या. जागा कायम व्हायला बरं पडेल."

आमची वटवाघळं वडनेर भोलजीची होती.

जुलैपासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही तिथे जायचो, मी आणि प्रयोगशाळेतले किसनभाऊ. पहाटेची बस घाट उतरून मलकापूरला, तिथून दुसरी. किसनभाऊंकडे शेतीराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. ती ते धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून आणत आणि कंडक्टर दर वेळी विचारी, काय भाऊ, आज कोनाचं लगन?

गावाबाहेर एका भाजीच्या मळ्यात, विहिरीजवळ, तीन चिंचा होत्या. झाडं लांबून दिसायच्या आधी ऐकू येत. दिवसा वटवाघळं झोपतात असं पुस्तकात असतं; ती झोपत नाहीत, भांडतात. जागेवरून, सावलीवरून, शेजारच्याचा पंख लागला यावरून. एकेक अंग आकसून लटकलेलं, वाळलेल्या मोटेच्या चामड्यासारखं, आणि मधूनच एखादं अंगाभोवतीचा पंख उघडून वारा घेई तेव्हा त्याचं पिवळट लालसर पोट उन्हात दिसे. खाली उग्र, गोडसर वास.

मळा वच्छलाबाईंचा होता. म्हणजे नावावर त्यांच्या नवऱ्याच्या, पण मी तिथे बघितल्या त्या वच्छलाबाईच. पन्नाशीच्या, काटक, हातात कायम खराटा. रोज सकाळी त्या चिंचांखालची विष्ठा आणि उष्टी फळं झाडून गोळा करत आणि वांग्यांच्या वाफ्यात घालत. त्यांच्या वांग्यांचं नांदुऱ्याच्या बाजारात नाव होतं आणि ते त्या खताचं आहे हे त्या कोणाला सांगत नसत. आम्हाला त्यांनी हाकललं नाही, कारण किसनभाऊंनी सांगितलं की सरकारी काम आहे. मला त्या बांधावर बसवून चहा देत. एकदा त्यांनी विचारलं की या मेलेल्या वागळांमध्ये मी काय शोधते. मी म्हणाले, यातल्या गर्भवती किती आहेत ते बघतो. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "गाभण म्हना ना वो बाई. गर्भवती तं पाटलाची सून असते."

काम साधं होतं. दर महिन्याला ठरावीक माद्या पाहिजेत. पण खाली पडल्याशिवाय नर की मादी हे कळत नसे, त्यामुळे जेवढ्या पाहिजेत त्याहून पुष्कळ पडत. नर किसनभाऊ बांधापलीकडे टाकून देत. मी झाडाखालीच पोट उघडून गर्भाशय काढी, बाटलीत टाकी, चिठ्ठीवर तारीख लिही. सरांनी दिलेल्या तक्त्यात मादीचं वजन, लांबी, गर्भाची लांबी असे रकाने होते. झाडांवर एकूण किती उरली याला रकाना नव्हता. ते मी तक्त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहीत गेले. कोणी सांगितलं नव्हतं. मोजायची सवय म्हणून.

ऑक्टोबरपर्यंत आम्ही बांधावर दिसलो की फांद्या हलायला लागत. नोव्हेंबरमध्ये एक चिंच रिकामी झाली. डिसेंबरच्या रविवारी पडलेल्या एका मादीचं पोट मी उघडलं तेव्हा वच्छलाबाई खराटा घेऊन मागे उभ्या होत्या. आतलं पिल्लू माझ्या अंगठ्याएवढं होतं. डोळे मिटलेले, पंखांच्या जागी ओल्या कापडाच्या घडीसारखं काहीतरी, आणि त्या घडीत मोजता येतील अशी बोटं. त्या वाकल्या. मग म्हणाल्या, "याचे हात पाहा ना बाई." आणि झाडायला न लागता घरात गेल्या. त्या दिवशी चहा आला नाही.

सरांना गर्भकाळाच्या शेवटच्या अवस्थेतल्या माद्या पाहिजे होत्या. म्हणून परिषदेला निघायच्या आठवडाभर आधी आम्ही मधल्याच एका दिवशी पुन्हा गेलो. त्या दिवशी बसमधून उतरल्यावर मला काही ऐकू आलं नाही. मळ्यात पोचलो तर तिन्ही चिंचा रिकाम्या. झाडं रिकामी झाल्यावर किती मोठी दिसतात ते मी पहिल्यांदा बघितलं. किसनभाऊ बंदुकीवरचं धोतर न सोडताच म्हणाले, चला, गाडी सापडली तं सापडली, आणि रस्त्याकडे निघाले.

वच्छलाबाई वाफ्यात बसल्या होत्या. मी जवळ गेले. विचारलं, कुठे गेली असतील. त्यांनी दोन रोपांजवळचं तण काढलं. मग रस्त्याकडे, किसनभाऊंच्या पाठीकडे बघून हळूच म्हणाल्या, "माह्या माहेरी हायेत. सोनाळ्याले. नाल्याकाठच्या वडांवर, मस्त हायेत. भाऊ आल्ता, थो सांगत होता. मले वाटते, आपली तथीच गेली." आणि माझ्या मनगटावर मातीचा हात ठेवून, "कोनाले सांगू नका बाई. सांगान तं हे तथीबी येतीन. तुमी काई बोलत नाही, म्हनून तुमाले सांगतलं."

मी मान हलवली. मनगटावरची माती बसमध्ये वाळली आणि आपोआप गळाली.

निबंधात सरांनी एक वाक्य घातलं: डिसेंबरअखेर वसाहतीने हंगामी स्थलांतर केलं. मी ते टाइप केलं. तक्ता कागदाला टाचला तेव्हा मागच्या बाजूचे पेन्सिलीचे आकडे आतल्या बाजूला गेले. पुढे सारांश छापून आला त्यात वडनेर भोलजी हे नावही नव्हतं. संपादकांनी ते काढून नेहमीचं वाक्य घातलं होतं. या वर्षी सरांनी आढावा पुन्हा करायला घेतला आहे आणि खोकी पुन्हा माझ्या टेबलावर आली आहेत. परवा माझ्याच निबंधाचं कार्ड मी केलं. प्राणी, अवयव, आणि तिसऱ्या ओळीत 'स्था.' लिहून पुढचं कार्ड घेतलं. ते लिहिताना हात थांबला नाही, हे मला रात्री जेवताना लक्षात आलं.

कधी वाटतं, मी जे बघितलं ते या खोक्यांतल्या प्रत्येक कार्डामागे असेल. प्रत्येक 'स्थानिक ठिकाणी' कोणाचा तरी मळा असेल, कोणी झाडणारी बाई असेल. देशभरातून माणसं आगगाडीने येतात, बिल्ले लावतात, एका मोठ्या मांडवात बसतात आणि स्थानिक ठिकाणाहून मिळवलेल्याबद्दल बोलतात. मग भाव बदलतो. वटवाघळांवर माणसं आली तशीच गेली, आता उंदरांकडे जातील, त्यानंतर आणखी कशाकडे. जे मागे राहिलं त्याच्यावर निबंध होत नाही, कारण तिथे मिळवण्यासारखं काही उरलेलं नसतं. मी याला उपाय शोधत नाही. मी तात्पुरतीची कायम झाले आहे आणि दिलेली कार्डं करते.

सोनाळ्याला मी एकदाच गेले, गेल्या उन्हाळ्यात. नाल्याकाठचे वड पिकले होते. लाल फळं खाली पडून सडत होती, मुंग्या लागल्या होत्या. वर कोणी नव्हतं. शेजारच्या शेतातल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, दोन हिवाळे जीपगाडीतून साहेबलोक येत होते, कायले ते मले का माईत. तो मला पाणी द्यायला निघाला होता. मी नको म्हणाले.

आणि वच्छलाबाई मलकापूरच्या स्टँडवर दिसल्या, यंदा दिवाळीच्या आधी. टोपलीत वांगी होती. मी खांबाआड होण्याआधी त्यांनी मला ओळखलं. आई कशी आहे विचारलं, लग्नाचं विचारलं. वांगी पहिल्यासारखी येत नाहीत, आता कारखान्याचं खत घालतो म्हणाल्या. चार वांगी काढून माझ्या पिशवीत टाकली. सोनाळ्याचं नाव काढलं नाही. त्यांचा भाऊ तिथेच राहतो. त्यांना कळलं नसेल असं होणार नाही. बस आली तेव्हा त्या म्हणाल्या, जा माय, जागा पकडा. त्यांनी काही तरी बोलायला हवं होतं. मी आजही मनात त्यांच्या तोंडी वाक्यं घालून बघते, त्यातलं एकही त्यांच्यासारखं होत नाही.

तर तो परिषदेचा दिवस.

शहर लांबचं होतं, थंडी आपल्यापेक्षा कडक. मांडवाच्या कनातीतून वारा यायचा आणि माणसं मफलर न काढता टाळ्या वाजवत. सकाळी सरांचा आढावा झाला. दिशा, प्रगती, सूक्ष्मता, लोकांना आवडला. आमचा निबंध दुपारच्या जेवणाआधी शेवटचा होता. तिथली रीत अशी की वेळ संपली की अध्यक्ष उरलेले निबंध 'वाचले असे समजावे' म्हणून मोकळे होतात. मी देवाजवळ तेच मागत होते. माझ्या आधीच्या गृहस्थांनी खूप वेळ घेतला. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बहुधा मी एकटीच मुलगी होते म्हणून म्हणाले, या, थोडक्यात वाचा.

मी वाचलं. माझं इंग्रजी चांगलं आहे, ते तरी माझ्याजवळ होतं. स्थलांतराचं वाक्य आलं, गेलं. मांडव शांत झाला होता आणि ती शांतता माझ्यासाठी आहे हे मला कळत होतं. असं आधी कधी झालं नव्हतं.

मग पहिल्या रांगेतून एक वयस्कर प्राध्यापक उठले. फार मोठं नाव. त्यांच्याच पुस्तकातून आम्ही शिकलो होतो. ते अगदी प्रेमाने बोलले. काम नीटस आहे, मालिका फक्त शेवटी अपुरी राहिली. शेवटच्या अवस्थेतल्या माद्या मिळाल्या तर ती पूर्ण होईल, आणि ते स्वतः मदतीला माणसं पाठवतील. मग त्यांनी विचारलं, तुमच्या भागात अशी दुसरी एखादी वसाहत आहे का, तुम्हाला माहीत असलेली?

सरांनी खालून नकारार्थी मान हलवली. त्यांना माहीत नव्हतं, म्हणून प्रामाणिकपणे. सुटायला मला तेवढं पुरेसं होतं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. गप्प राहणं मला येतं, जन्मभर तेच केलं होतं. वच्छलाबाईंची आठवण झाली नाही असंही नाही. झाली. त्यांचा हात मनगटावर जाणवला. पण समोर इतकी माणसं वाट बघत होती, त्यांच्यापैकी कोणालाच येत नसलेलं उत्तर मला येत होतं, आणि पहिल्यांदाच माझं वाक्य विषय पुढे जायच्या आत पूर्ण तयार होतं.

मी ताठ उभी राहिले आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आहे, सर. सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा नावाचं गाव आहे. तिथल्या नाल्याकाठच्या वडांवर मोठी वसाहत आहे, आणि तिला अजून कोणीही हात लावलेला नाही."